जुनं वॉल्थर की निर्माणीचं नवं पिस्तूल? आधी मॅगझिन तपासा

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, वय ४६. बांधकाम साहित्याचा व्यवसाय आहे. मुळशीकडे शेतघर असल्याने रात्री-अपरात्री पौड रस्त्याने, बरेचदा रोख रक्कम घेऊन, ये-जा होते. पोलीस आयुक्तालयाकडून पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे. समोर दोन पर्याय आहेत : सरकारी आयुध निर्माणीचं नवं .३२ पिस्तूल, किंवा वडिलांच्या एका परवानाधारक मित्रांकडचं साठच्या दशकातलं वॉल्थर पीपी, तेही .३२च. ते म्हणतात, ‘जर्मन माल आहे, डोळे मिटून घे.’ पिस्तूल लहान, कमरेला बसेल असं हवं. रविवारी शेतावर टार्गेट लावून छंद म्हणून नेमबाजीही करायची आहे आणि पत्नीलाही शिकवायचं आहे. कोणतं घेऊ? आणि बघताना नेमकं काय बघायचं?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या शेवटच्या बेतापासून सुरुवात करतो, कारण तो आधी सोडून द्यायला हवा. शेतावर टार्गेट लावून पिस्तूल चालवायचं नाही. जमीन तुमची असली तरी ती परवानाप्राप्त रेंज नाही, आणि स्वसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यात असा सराव बसत नाही. शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा झाला कायदा. मुळशीचा भाग दगडाचा आहे. खडकावर तिरकी आपटलेली गोळी कुठल्या बांधावर कोण उभं आहे ते बघत नाही, आणि टार्गेटमागे लावलेली पत्र्याची शीट गोळी थांबवत नाही. पत्नीचंही तसंच. परवाना तुमच्या नावावर आहे, त्यांच्या नाही. ‘माझ्यासमोरच तर चालवते’ हे उत्तर चौकशीत टिकणार नाही.

छंद मात्र नक्की करा, दोघांनी मिळून करा. फक्त या पिस्तुलावर करू नका. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात १० मीटर, २५ मीटर आणि ५० मीटर अशा रेंज आहेत. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. १० मीटरवरच्या एअर पिस्तुलाचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे .१७७ असतो. या मापाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. खर्च काडतुसांच्या मानाने नगण्य असतो. चाप कसा दाबायचा, दर्शनी आणि मागची साइट कशी जुळवायची, श्वास कुठे थांबवायचा, हे सगळं एअर पिस्तुलावर चांगलं शिकता येतं. तिथे आठवड्यातून एकदा दोनशे छर्रे मारणारा माणूस .३२ हातात आल्यावर वर्षाला पन्नास गोळ्या मारूनही बरा नेमबाज राहतो. उलटं कधी होत नाही.

आता पिस्तूल. ९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडतं, त्यामुळे सामान्य परवान्यावर .३२ हाच व्यवहार्य पर्याय उरतो. हे काडतूस १८९९ सालचं, ब्राउनिंगने आखलेलं. ७१ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमची गोळी, नळीतून सेकंदाला साधारण २७० मीटर वेगाने निघणारी. ऊर्जा ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे गोळी कुठे लागते यालाच सगळं महत्त्व, आणि ते तुमच्या हातावर अवलंबून आहे. काडतुसं बहुधा आपल्या खडकीच्याच कारखान्याची मिळतील. डब्यावरचं उत्पादनाचं साल बघून घ्या आणि शक्यतो एकाच लॉटची घ्या. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, असे दोन आकडे लिहिलेले असतात. सराव किती परवडेल हे त्या आकड्यांवरून ठरतं, म्हणून आधी तेच वाचा.

या मापाची बहुतेक लहान पिस्तुलं ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, नळीला कुलूपबंद होत नाही. तिचं वजन आणि परतीच्या स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच ती बंद राहते. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते, स्लाइड ओढायला जोर लागतो, आणि काडतूस लहान असूनही धक्का तीक्ष्ण लागतो. फायदा असा की नळी फ्रेममध्ये, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यात, घट्ट बसलेली असते, त्यामुळे अचूकता चांगली मिळते. वॉल्थर पीपीची नळी दहा सेंटीमीटरच्या आतबाहेर, रिकाम्या पिस्तुलाचं वजन पाऊण किलोच्या आत, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, आठ गोळ्या. कमरेला बसेल, हातातही बसेल. पण मोठ्या, मांसल हाताचा माणूस मूठ उंच धरतो तेव्हा मागे येणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात चामडं कापते. रिकाम्या पिस्तुलाची मूठ धरून स्लाइड हळूच पूर्ण मागे घ्या आणि ती कातडीला घासते का ते बघा. घासत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, भले त्याच्यावर कुठलंही नाव कोरलेलं असो. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का, तेही तेव्हाच बघा.

तपासणी सुरू करण्याआधी मॅगझिन काढा. नंतर स्लाइड तीनदा ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी, डोळ्याने बघा आणि करंगळीच्या टोकाने चाचपा. क्रम हाच. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जातं, आणि ‘रिकामं’ समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. नळी पूर्ण वेळ ज्या दिशेला माणूस नाही त्या दिशेला.

पहिली नजर क्रमांकांवर. फ्रेमवरचा क्रमांक परवान्यावरच्या नोंदीशी अंक-अंक जुळला पाहिजे. खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अस्पष्ट क्रमांक दिसला तर तिथेच थांबा. मग नळी. चेंबरच्या बाजूने पांढरा कागद धरून तोंडाकडून बघा. नळीतल्या पिळदार खोबणीच्या कडा धारदार दिसायला हव्यात. आतल्या भिंतीवर काळे बारीक खड्डे दिसले तर ते जुन्या, क्षार सोडणाऱ्या प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) काडतुसांनंतर सफाई न झाल्याचे. थोडे खड्डे चालतात. पण आत एखादी गडद कडी दिसली आणि नळीवर बाहेरून बोट फिरवताना तिथे फुगवटा लागला, तर कधीतरी नळीत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी मारली गेली आहे. ते पिस्तूल घेऊ नका.

पुढच्या चाचण्या रिकाम्या पिस्तुलावर, दुकानदाराची किंवा मालकाची परवानगी घेऊन, आणि शक्यतो चेंबरमध्ये डमी काडतूस घालून करा, कारण जुन्या पिस्तुलांच्या फायरिंग पिना (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुया) ठिसूळ होतात. घोडा (पिनेवर आपटणारी मागची हातोडी) चढवा आणि अंगठ्याने मागून पुढे बऱ्यापैकी जोर लावा. तो सुटता कामा नये. सेफ्टी लावा, चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर सिअर, म्हणजे चढलेला घोडा धरून ठेवणारा खटका, झिजलेला आहे. आता चाप दाबून घोडा पाडा, चाप दाबलेलाच ठेवून स्लाइड ओढून सोडा. घोडा चढलेला राहिला पाहिजे. चाप सोडल्यावर ‘टक’ असा बारीक आवाज येतो, आणि मग दाबल्यावरच तो पडला पाहिजे. स्लाइड ओढताना घोडा खाली गेला तर एका चापात दोन गोळ्या सुटण्याचा धोका. शेवटी घोडा चढवून स्लाइड तीन-चार मिलिमीटर मागे धरा आणि चाप दाबा : घोडा पडायला नको, कारण नळी बंद नसताना काडतूस पेटलं तर त्याची पितळी पुंगळी फाटून गॅस तोंडावर येतो.

वॉल्थरसाठी एक खास चाचणी आहे, आणि ती चुकवू नका. या पिस्तुलाची सेफ्टी खाली केली की चढलेला घोडा आपोआप पडतो, पण फायरिंग पिनेवर बसत नाही, मधल्या पोलादी दांड्यावर आदळतो. जुन्या नगांमध्ये हा दांडा झिजतो किंवा तडकतो. डमी काढून घ्या, पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा, नळी सरळ वर धरा आणि मागे खोडरबर असलेली पेन्सिल रबर खाली करून नळीत सोडा. घोडा चढवून चाप दाबलात तर पेन्सिल उडाली पाहिजे. त्यावरून पिन चालते हे कळतं. पेन्सिल परत घाला, घोडा चढवा आणि आता चापाला बोट न लावता सेफ्टी खाली करा. घोडा पडेल, पेन्सिल मात्र हलता कामा नये. हलली तर भरलेल्या पिस्तुलात तीच हालचाल गोळी उडवेल. चाचणीत पास झालेल्या पिस्तुलाचाही घोडा अशा प्रकारे उतरवताना नळी जमिनीच्या सुरक्षित दिशेलाच असू द्या.

सगळ्यांत जास्त वेळ मॅगझिनला द्या. लोक नळी आणि पॉलिश बघतात, आणि पिस्तूल अडतं ते मॅगझिनमुळे. वरचे दोन ओठ समांतर आणि न वाकलेले आहेत का, आतला फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) बोटाने दाबल्यावर वाकडा न होता खाली जाऊन झटकन वर येतो का, तळाची पट्टी सैल आहे का, हे पाहा. मॅगझिन पिस्तुलात घालून हाताने खाली ओढा. कॅच झिजला असेल तर ते निसटतं. स्प्रिंग ताणलेली असेल तर शेवटचं काडतूस वेळेत वर येत नाही आणि स्लाइड त्याच्यावरून निघून जाते. त्या क्षणी तुमच्या हातात फक्त पाऊण किलो लोखंड असतं. मूळ कारखान्याची दोन मॅगझिन मिळत असतील तर व्यवहार पुढे न्या. जुन्या पिस्तुलाबरोबर स्थानिक पत्र्याचं नक्कल केलेलं एकच मॅगझिन मिळत असेल, तर भाव काहीही असो, मी तो व्यवहार करू नका असंच म्हणेन.

त्यात .३२च्या काडतुसाची स्वतःची खोड आहे. त्याचं बूड अर्धवट कंगोऱ्याचं असतं, म्हणजे कडा पुंगळीच्या अंगापेक्षा जराशी बाहेर. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या कंगोऱ्यापुढेच असायला हवा. तो मागे सरकला की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि ही अडचण स्लाइड ओढून सुटत नाही. मॅगझिन काढून, काडतुसं उपसूनच सुटते. काडतूस लांबीला कमी असेल तर त्याला मॅगझिनमध्ये पुढे-मागे हलायला जागा मिळते आणि हे जास्त घडतं. या काडतुसाची पूर्ण लांबी २५ मिलिमीटरपर्यंत असते. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीचं काडतूस त्याहून कमी भरतं. म्हणून गोल टोकाची, पूर्ण तांब्याचा पत्रा चढवलेली गोळी वापरा. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस पुढून दाबत मागच्या भिंतीपर्यंत सरकवा, आणि भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा ठोका.

परतीच्या स्प्रिंगची खूण सोपी आहे. रिकामं पिस्तूल वर धरून स्लाइड हाताने हळूहळू पुढे सोडा. शेवटचा सेंटीमीटरभर ती अडखळून थांबली तर एकतर स्प्रिंग थकली आहे किंवा आत वाळलेलं तेल साचलं आहे. सफाईनंतरही तसंच असेल तर स्प्रिंग बदला. ती स्वस्त गोष्ट आहे, आणि न बदलल्यास स्लाइड प्रत्येक गोळीला फ्रेमवर आदळून पोलाद खाते.

प्रत्यक्ष गोळी चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉल्थर असेल तर त्या काकांना त्यांच्याच परवान्यावर, जिथे .३२ चालवू देतात अशा रेंजवर चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. कुठल्याही रेंजवर .३२ चालेलच असं गृहीत धरू नका, आधी विचारा. नवं पिस्तूल घेतलंत तर परवान्यावर नोंद झाल्यानंतरची पहिली पन्नास काडतुसं याच कामाला ठेवा. सुरुवातीला दोनदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस : गोळी सुटली पाहिजे, पुंगळी बाहेर पडली पाहिजे, आणि ज्या पिस्तुलात तशी रचना आहे तिथे स्लाइड मागे थांबली पाहिजे. मग दोनदा दोन-दोन : एका चापाला दोन्ही उडाल्या तर तपासणी तिथेच संपवा आणि पिस्तूल परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे जाऊ द्या. त्यानंतर आठ-आठची पाच मॅगझिन, आणि ज्या पिस्तुलात तशी रचना आहे तिथे प्रत्येकाची पहिली गोळी घोडा खाली असताना. तो पहिला चाप लांब आणि जड, पाच-सहा किलोचा असतो, नंतरचे दोन-अडीच किलोचे. बहुतेकांची पहिली गोळी खाली-डावीकडे जाते, आणि संरक्षणाच्या प्रसंगी मोजली जाते ती पहिलीच. उरलेल्या चार गोळ्या फक्त डाव्या हाताने.

अंतर सात मीटर ठेवा. पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर पिस्तूल आणि हात दोन्ही कामाचे. पुंगळ्या दोन-तीन मीटरवर एका बाजूला पडत असतील तर उत्तम. पाच-सहा मीटर लांब उडत असतील तर स्प्रिंग कमजोर. पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचं) नख बोथट आहे किंवा मूठ ढिली आहे. दोन्ही शक्यता तपासा. चाप दाबल्यावर काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. आवाज ‘फुस्स’ आला आणि धक्का लागला नाही, तर पुढची गोळी मारू नका. आधी नळी मोकळी आहे हे बघा. पन्नासात एकही अडथळा नको, ही माझी अट आहे. दोन अडथळे एकाच मॅगझिनमध्ये आले तर ते मॅगझिन बाजूला काढून दुसऱ्यावर पुन्हा बघा. कानांवर इअरमफ आणि डोळ्यांवर चष्मा हवाच; .३२ चा आवाजही १५० डेसिबलच्या वर जातो आणि एका दिवसात ऐकू येणं कमी करतो. बंद रेंजमधून बाहेर आल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवा; शिशाची धूळ बोटांवर असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. युद्धानंतर बरीच वर्षं वॉल्थर पीपी फ्रान्समधल्या मान्युरिन कारखान्यात परवान्याने बनत होती. त्यामुळे काकांच्या पिस्तुलावर तसं नाव सापडलं तर त्याला कमी समजू नका. ते पिस्तूल चांगलंच आहे. पण साठ वर्षांच्या यंत्राचे सुटे भाग पुण्यात सहज मिळत नाहीत, आणि आयात बंद असल्याने अशा पिस्तुलाला भाव दर्जाचा नव्हे, दुर्मिळतेचा लागतो. स्वसंरक्षणासाठी, वर लिहिलेल्या सगळ्या चाचण्या पास होणारं निर्माणीचं नवं पिस्तूल दोन मॅगझिनसह घ्या, असं माझं मत आहे. त्याचा चाप खरखरीत असू शकतो, साइट लहान असतील, फिनिशिंग वॉल्थरच्या जवळपासही नसेल. तरी बिघडल्यावर दुरुस्त होईल आणि स्प्रिंग मिळेल. एकदा सुरळीत चाललेलं वॉल्थर पाहिलंत आणि तेच आवडलं, तरी घाई करू नका : शस्त्र विकू इच्छिणाऱ्या परवानाधारकाने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं असतं. त्याआधी ते पिस्तूल ‘बघायला म्हणून’ घरी आणू नका.

आणखी एक पर्याय तुम्ही विचारला नाही. महिन्यातून एकदाही सराव जमणार नाही, असं तुम्हाला मनातून वाटत असेल तर .३२ रिव्हॉल्व्हर घ्या. चाप जड असतो, पण मॅगझिनच नसल्याने मॅगझिनचे प्रश्नही नसतात, आणि भरलेलं आहे की नाही ते लगेच दिसतं.

रोख रकमेबद्दल स्पष्ट सांगतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण आवश्यक तेवढीच इजा करण्याची आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर ती घेण्याची मर्यादा घालून. निव्वळ पैसे घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारणं त्यात बसत नाही. मुळशीहून रोख आणण्याऐवजी शक्य तेवढी रक्कम बँकेतून फिरवा. त्याने धोका जितका कमी होईल तितका कुठल्याही पिस्तुलाने होणार नाही. फ्लॅटमध्ये असाल तर लक्षात ठेवा, .३२ गोळी जिप्समच्या आडभिंतीतून सहज पलीकडे जाते.

पावसाळ्यासाठी वेगळी तजवीज करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याची दमट हवा पोलादाला आठवड्यात गंज चढवते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून कपाट बंद करणं सगळ्यांत वाईट. चामडं ओल धरतं, आणि चामडी पट्ट्यातल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर येतो. असं काडतूस चेंबरमध्ये चिकटतं. होल्स्टर कमरेला असेल तेवढाच वापरा. घरी पिस्तूल तेलाचा पातळ हात देऊन, सिलिका जेलच्या पाकिटासह, भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत ठेवा; काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली किंवा कोड मुलांना माहीत नसावा, आणि कोडमध्ये कुणाची जन्मतारीख नसावी. चालवून आलात की त्याच दिवशी नळी साफ करा, आणि पावसाळ्यात न चालवताही पंधरा दिवसांनी एकदा काढून पुसा.